हात लावायचं म्युझियम आणि लग्नाचं लॉन

आमच्या म्युझियमच्या दाराशी मोज्यांची एक टोपली आहे. मुलं बूट-मोजे काढून आत पळतात आणि जाताना एखादा मोजा विसरून जातात. परत न्यायला कोणी येत नाही, टाकून द्यायला आमचं मन होत नाही, आणि टोपली भरतच जाते. ऑफिसातल्या किश्शांचंही तसंच झालंय. एकाची जोडी दुसऱ्याला लागेलच असं नाही, पण फेकवत नाहीत. तेव्हा आज टोपली जरा उपडी करते.

मी या मुलांच्या म्युझियममध्ये कम्युनिकेशन आणि मार्केटिंग बघते. म्हणजे नक्की काय करते, हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही. आधी मी एका बिल्डरकडे जाहिराती लिहायचे, तेव्हा ती प्रताप नगरातल्या बायकांना सांगायची, "आमची स्नेहल फ्लॅट विकते." आता सांगते, "म्युझियम विकते." ऐकणाऱ्या काकू दर वेळी विचारतात, "कितीले बसते?"

आमची टीम एका टेबलाभोवती मावते. वैशाली मॅडम डायरेक्टर. शाळेत विज्ञान शिकवायच्या. पर्मनंट नोकरी सोडून त्यांनी हे सुरू केलं, कारण त्यांचं ठाम मत आहे की मूल हाताने शिकतं आणि शाळा त्याला हात बांधून बसवते. मंगेश आमचा डिझायनर, मूळचा मौद्याचा. इथे येण्याआधी तो लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करायचा. शोभाताई तिकीट खिडकीत बसतात आणि खिडकीबाहेरचंही सगळं बघतात.

आणि काकाजी. आमचं म्युझियम ज्या जुन्या गोदामात आहे ते एका ट्रस्टचं, आणि काकाजी त्या ट्रस्टचे अध्यक्ष. वयाने मोठे, डोक्यावर कायम टोपी, मनाने चांगले, पण मार्केटिंग हा विषय आपल्याला जन्मतःच येतो असं त्यांना वाटतं. नागपुरात असं वाटणारे ते एकटेच नाहीत म्हणा.

*

सुरुवात उद्घाटनापासूनच करावी लागेल, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

मी तेव्हा अजून जॉइन व्हायची होते. निमंत्रण मंगेशने केलं. मॅडमनी त्याला एवढंच सांगितलं होतं, "साधं हवं. घरगुती वाटलं पाहिजे." आता मंगेशच्या हाताला घरगुती म्हणजे एकच गोष्ट ठाऊक. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मध्ये "आमच्या येथे श्रीकृपेकरून", आणि खाली तीन गोंडस मुलांचे फोटो टाकून, "आमच्या म्युझियमच्या उद्घाटनाला यायचं हं!"

कोपऱ्यात बारीक अक्षरात, "कृपया आहेर आणू नये." हे त्याने मुद्दाम लिहिलं नव्हतं. जुन्या फाइलमध्ये होतं, राहून गेलं.

पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरली आणि उद्घाटनाला तोबा गर्दी झाली. बायका पैठण्या नेसून, पुरुष कडक इस्त्रीत. मुलांच्या केसांना तेल. 'आहेर आणू नये' वाचलेला माणूस आहेर आणतोच, तो आपला रिवाज आहे. त्यामुळे भिंतीवरची घड्याळं, डिनर सेट, एक मिक्सरसुद्धा आला. एका काकूंनी शोभाताईंना गाठलं.

"काहो ताई, नवरा-नवरी कुठं आहेत?"

शोभाताई सकाळपासून उभ्या होत्या. त्यांनी वर न बघता हात केला. "ते काय समोर, रिबन कापून राहिले."

समोर पंच्याहत्तरीचे काकाजी आणि पन्नाशीच्या वैशाली मॅडम एकाच कात्रीला हात लावून फोटोसाठी हसत होते. काकूंनी नीट पाहून घेतलं.

"असू द्या," त्या समजुतीने म्हणाल्या. "उशिरा का होईना, झालं तर खरं."

मॅडमना हे आम्ही आजतागायत सांगितलेलं नाही. मिक्सर मात्र ऑफिसात आहे, उन्हाळ्यात ताक करतो.

पण काकाजींच्या डोक्यात त्या गर्दीने भलतंच काही घुसलं. संध्याकाळी मांडव उतरवताना ते मॅडमना म्हणाले, "पाह्यली न गर्दी? लोकं लग्नाले येतात, मॅडम. म्युझियमले कोन येते?" मग त्यांनी समोरच्या अंगणाकडे पाहिलं, मागच्या उंच हॉलकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथं लॉन मस्त होईन."

बाहेरच्यांना सांगायला हवं, नागपुरात लॉन म्हणजे नुसतं गवत नव्हे. लॉन म्हणजे अंगणात स्टेज, मागे हॉल, बाजूला बुफे आणि वर्षभर लग्नं. काकाजींनी मुदत दिली ती उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतची. सुट्टीत मुलं आली तर म्युझियम, नाही आली तर लॉन. ट्रस्टची मीटिंग होईल आणि ठरेल.

आमच्याकडे खोलीएवढं मोठं एक उघडं तोंड आहे. मुलं आत शिरून दात घासतात. मॅडम त्या दिवशी त्या तोंडात गेल्या आणि दाढेवर बसून राहिल्या. त्यांच्या शाळेतल्या जागेवर दुसऱ्या बाई लागल्या होत्या. परत जायला त्यांना दारच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी जॉइन झाले तेव्हा मला पहिलं वाक्य ऐकू आलं ते हे, "स्नेहल, मला लोक आणून दे."

*

आता मार्केटिंगवाल्या बाईसमोर अशी अट ठेवली की ती आधी लोकांचं ऐकून घ्यायला लागते. मी रोज ऑनलाइन रिव्ह्यू वाचायचे.

आमच्या दारावर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलंय, "इथे सगळ्याला हात लावायचा." संत्र्यांचा पट्टा, लाकडी भाजीबाजार, खडूने रेघोट्या मारायची भिंत, सगळं त्यासाठीच. पण आपल्या लोकांचा जन्म 'हात लावू नये' वाचण्यात गेला. पाटी डोळ्यांना दिसते, अंगात उतरत नाही. आजोबा मंडळी दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरतात, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी.

एका रविवारी जरीपटक्याहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. त्यांनी दारावरची पाटी मोठ्याने वाचली. मग मुलाची दोन्ही मनगटं धरली आणि आत शिरले. मुलगा पट्ट्यावरच्या संत्र्याकडे झेपावला की ते त्याला मागे ओढत.

शोभाताईंना राहवेना. "लावू द्या न भाऊ हात. त्यासाठीच ठेवलं आहे."

"लिहिलं आहे म्हणून लावाच लागते का?" ते म्हणाले. "आमच्या घरी तसं वळण नाही, ताई."

पूर्ण म्युझियम त्यांनी असं पाहिलं. मी धास्तावले. म्हटलं, हा माणूस आता घरी जाऊन काय लिहितो कोण जाणे. संध्याकाळी रिव्ह्यू आला. पाच स्टार!

"अतिशय स्वच्छ व शांत म्युझियम. माझ्या मुलाने एकाही वस्तूला हात लावला नाही. सर्व पालकांनी अवश्य भेट द्यावी."

मॅडमनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "हा काढता येतो का गं?"

"मॅडम, पाच स्टार आहेत."

रिव्ह्यूखाली दुसऱ्या एका बापाने विचारलं होतं, "कसं जमवलं सर?"

*

मग काकाजींनी सूत्रं हातात घेतली. "मोबाइल-बिबाइलनं काही होत नाही बेटा. चौकात फ्लेक्स लावा."

मंगेशने फ्लेक्स छान केला होता. ते मोठं उघडं तोंड, त्यात दाढेवर उभं राहून ब्रश चालवणारी मुलं आणि खाली माझा ऑफिसचा नंबर. मजकूर अगदी कमी, मॅडमना विशेषणं आवडत नाहीत. मी 'नयनरम्य' लिहिलं की त्या पेन्सिलीने खोडतात.

पण फ्लेक्स छापणाऱ्याचीही काही परंपरा असते. खाली हात जोडलेला माणूस नसेल तर त्याला फ्लेक्स अपुरा वाटतो. त्याने काकाजींना फोन केला, काकाजींनी आनंदाने फोटो पाठवला. फ्लेक्स लागला तेव्हा आ वासलेल्या जबड्याखाली काकाजी नमस्कार करत उभे होते, आणि शेजारी 'आपले नम्र, वसंतराव'. 'म्युझियम' हा शब्द दिव्याच्या खांबामागे गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन सुरू झाला.

"हॅलो, डॉक्टर वसंतराव किती वाजता बसतात?"

"रूट कॅनल होते का तुमच्याकडे?"

"कवळी बसवायची आहे, मामाजींची. घरी येऊन माप घ्याल का?"

मी आधी समजावून सांगितलं, मग कंटाळून काकाजींचा नंबर द्यायला लागले. म्हटलं, ज्याचा फोटो त्याने निस्तरावं. तर काकाजी निस्तरायला लागले! लवंग ठेवा, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, थंड खाऊ नका, असा सल्ला ते दिवसभर देत होते. एक आजीबाई तर गाल सुजवून नातवासोबत म्युझियमलाच आल्या. शोभाताईंनी त्यांना आत सोडलं, बसायला दाढ दिली, खऱ्या डॉक्टरचा पत्ताही दिला. नातू मात्र तोंडातून बाहेर यायला तयार नव्हता. दवाखाना इतका आवडलेला पोरगा मी तोवर पाहिला नव्हता.

आठवडा संपता संपता काकाजी ऑफिसात आले. मला वाटलं, चुकलं म्हणतील.

"बेटा," ते म्हणाले, "लॉनचं राहू दे बाजूले. दातांच्या दवाखान्याचा विचार करायचा का? पेशंट तर येऊनच राहिले."

*

पत्रकार परिषदेचा किस्सा आमच्या धंद्यातल्या कोणालाही सांगितला तर तो हसत नाही, मान डोलावतो.

या धंद्यात प्रेसनोट कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच तयार असते. 'मोठ्या उत्साहात पार पडला' हे वाक्य आधी लिहिलं जातं, उत्साह नंतर होतो. मीही नोट लिहिली, फोटोखालची ओळसुद्धा लिहून दिली आणि पत्रकारांना सांबारवडीचं, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वडीचं, आमंत्रण दिलं. सांबारवडी असली की नागपुरात हजेरी चोख असते.

सगळे आले. फक्त मुलं नव्हती. परिषद ठेवली होती मंगळवारी सकाळी, आणि मुलं कुठे असणार? शाळेत.

फोटोग्राफर वैतागला. "मॅडम, रिकाम्या हॉलचा काय फोटो काढू? हे तर लॉन वाटून राहिलं."

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. क्राइमवाले एक वरिष्ठ पत्रकार, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते संत्र्यांच्या पट्ट्यासमोर बसले होते. पट्टा फिरतो, लहान-मोठी संत्री येतात, ती निवडून पेट्यांत टाकायची. त्यांनी बाही वर सारली होती. दुसरे म्हणाले, "तुम्हाले जमून नाही राहिलं, सरका." मग तिसरे आले. राजकारण बघणारे आणि क्रीडा बघणारे यांच्यात पेटीवरून चांगलीच जुंपली. वैशाली मॅडम काही विज्ञान सांगत होत्या, ऐकायला कोणी नव्हतं. फोटोग्राफरने हाती लागला तो फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी पेपरात चांगला चार कॉलम फोटो आला. पाच टक्कल पडलेले, पोट सुटलेले गृहस्थ प्लास्टिकच्या संत्र्यांवर तुटून पडलेत. आणि खाली माझी ओळ, जशीच्या तशी:

"चिमुकल्यांनी मनसोक्त आनंद लुटला."

*

एक छोटासा किस्सा. मंगेश म्हणाला, "ताई, इन्फ्लुएन्सर बोलवा." त्याच्या ओळखीत एकच होता, तर्री-पोहे आणि सावजीचे व्हिडिओ करणारा. म्हटलं, येऊ दे.

पठ्ठ्या थेट लाकडी भाजीबाजारात गेला. लाकडाचं वांगं उचललं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, सवयीने दातांखाली धरलं. "चव कमी आहे दोस्तहो," तो शांतपणे म्हणाला, "पण क्वांटिटी भरपूर."

व्हिडिओ खूप चालला. खाली शेकड्याने कमेंट आल्या, आणि जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न तोच. "पार्किंग आहे का भाऊ?"

*

सुट्ट्या लागल्या. ऊन असं की दुपारी कावळासुद्धा बाहेर पडत नाही. गर्दी थोडी वाढली होती, पण काकाजींना पटेल एवढी नाही. मॅडम म्हणाल्या, आपण मुलांनाच विचारू, तुम्हाला इथलं काय सगळ्यात आवडलं.

मी दाराशी बसून मुलांना विचारायला लागले. मोठं तोंड, संत्री, सावल्यांची खोली, अशी उत्तरं येतील असं धरून चालले होते.

"पोछा," पहिली मुलगी म्हणाली.

"कोणता पोछा?"

"त्या काकू करतात तो. बादलीत टाकला की गोल गोल फिरते तो."

पुढच्या पोराचंही तेच. त्याच्या पुढच्याचंही. मॅडमनी एवढं डोकं घालून सगळं उभं केलं होतं, आणि पोरांचा जीव जडला होता तो फरशी पुसायच्या फिरत्या मॉपवर. त्यांना सांगताना मला वाईट वाटत होतं. मॅडम एकदम उठल्या. "बरोबरच आहे की. तो फिरतो, पाणी फेकतो, आणि घरी कोणी हात लावू देत नाही. मंगेश, छोट्या दांड्याचे मॉप आण."

दोन दिवसांत एका कोपऱ्यात लहान बादल्या, लहान मॉप आणि बाहेर फेकलं जाणारं पाणी दिसेल असं पारदर्शक झाकण. पाटीवर मंगेशने लिहिलं, "फिरवा आणि पाणी कुठे जातं ते बघा." मी नुसता एक व्हिडिओ टाकला, एका ओळीचाही मजकूर न लिहिता.

तो व्हिडिओ आयांच्या हाती लागला. माझ्या उभ्या आयुष्यात एवढं मार्केटिंग मला जमलं नव्हतं. सोसायट्यांच्या ग्रुपांवर तो धो धो फिरला. बायका पोरांना घेऊन यायच्या, बाकडं धरून बसायच्या आणि पोरगा फरशी पुसतोय हे डोळे भरून पाहायच्या. एक आई तर भावुकच झाली.

"घरी पाण्याचा ग्लास उचलत नाही वं," ती शेजारणीला म्हणाली. "हा माझाच आहे न?"

दुसरीने शोभाताईंना विचारलं, "हा पोछा विकत मिळते का?"

"बाजारात कुठंही मिळते, ताई."

"नाही, तो आमच्याकडे आहे. पोराले इथलाच पाहिजे."

काकाजी एकदा दुपारी आले. मॉपसाठी रांग दारापर्यंत आलेली. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग मंगेशला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काहून गा, हे लोकं तिकीट काढून आपली फरशी पुसून राहिले?"

"हो, काकाजी."

"आणि वरून थँक्यू म्हणून राहिले?"

"हो न, काकाजी."

काकाजी जाताना चपला हातात घेऊन कडेकडेने गेले, ओल्या फरशीवर ठसा उमटू नये म्हणून.

आम्हाला वाटलं, जिंकलो.

*

जिंकलो नव्हतो. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी काकाजींचा फोन आला. संध्याकाळी ट्रस्टची मीटिंग आहे, त्याआधी गुड्डूभाऊ येतील, हॉलचं माप घ्यायला. गुड्डूभाऊ म्हणजे मंडप, डेकोरेशन, केटरिंग, सगळं एकहाती. अर्ध्या नागपुराची लग्नं त्यांनी उभी केलीत.

"गर्दी आहे, मान्य," काकाजी म्हणाले. "पण शाळा सुरू झाल्यावर? लग्नं तर वर्षभर असतात. ट्रस्टींना दोन्ही बाजू सांगाव्या लागतीन."

त्या दिवशी मी पुढच्या महिन्याच्या पोस्टमध्ये 'अविस्मरणीय' लिहिलं, तरी मॅडमनी ते खोडलं नाही. मला फार भीती वाटली. मंगेश मधूनच म्हणाला, "लॉन झालं तर पत्रिकेचं काम मलेच भेटन," आणि स्वतःच ओशाळला.

गुड्डूभाऊ आले. डोक्यावर गॉगल, हातात लोखंडी टेप, इतका लांब की अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरावा. हॉल पोरांनी भरलेला. गुड्डूभाऊंनी भिंतीला पाठ लावली, स्टेज कुठे येईल याचा अंदाज घेतला आणि टेपचं टोक धरायला माणूस शोधू लागले. त्यांचा माणूस आलाच नव्हता.

दोन वेण्या घातलेली एक मुलगी पुढे झाली. तिने टोक धरलं. "मी धरते, तुम्ही ओढा."

गुड्डूभाऊंनी ओढलं. टेप सुर्रकन बाहेर आला. हॉलमधली सगळी पोरं वळून पाहायला लागली. मग त्यांनी बटण दाबलं आणि तो सट्‌कन परत आत गेला.

संपलंच. पोरांच्या दृष्टीने म्युझियममध्ये आज नवीन वस्तू आली होती.

काकाजी आत ऑफिसात मॅडमसमोर बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते म्हणत होते, "मॅडम, तुम्ही मनाले लावून घेऊ नका."

"लावून घेतलंय, काकाजी," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला वाईट वाटतंय. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, मला वाईट वाटत नाही असं मी म्हणणार नाही."

काकाजींनी बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. बाहेरून गुड्डूभाऊंचा आवाज येत होता, लग्नातल्या बुफेला शोभेल असा. "लाइन लावा, लाइन! धक्काबुक्की नाही. सगळ्यांना भेटन. ओ छोटू, तुझं झालं न एकदा? मागं जा."

"हे काय माप घेऊन राहिला हा?" काकाजी उठले.

आम्ही त्यांच्या मागे बाहेर आलो. खडूच्या भिंतीला लागून रांग होती. वेण्यावाली मुलगी स्टुलावर उभी होती, टेप तिच्या हातात. पोरं एकेक करून भिंतीला टेकत होती, ती माप वाचत होती, आणि पोरं आपापल्या डोक्याच्या उंचीवर खडूने रेघ मारून नाव लिहीत होती. नावांनी भिंत भरली होती. गुड्डूभाऊंच्या हातात टेप नव्हता. ते रांगेत उभे होते, गॉगल काढून खिशात ठेवलेला.

"गुड्डू," काकाजींनी हाक मारली. "झालं का गा हॉलचं माप?"

"थांबा भाऊ," गुड्डूभाऊ पुढच्या पोराच्या डोक्यावरून वाकून बघत म्हणाले. "समोर दोन पोट्टे आहेत. मग माझा नंबर आहे."

मॅडमनी माझा हात घट्ट धरला होता, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मुलीने स्टुलावरून काकाजींकडे पाहिलं, अगदी तिकीट खिडकीतून पाहावं तसं.

"आजोबा, तुम्हाले मोजायचं आहे का? मग टोपी काढावी लागन. टोपी धरून मोजत नाही."

काकाजींना टोपीशिवाय आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी काढली, नीट घडी केली आणि वैशाली मॅडमच्या हातात दिली. मग रांगेकडे वळून विचारलं,

"शेवटचा कोन आहे?"